व्हाळाचं पाणी लाल झालं की

गोव्यातला सत्तरी तालुका. समोर चोर्ल्याचा घाट आहे, पण ढगांनी अख्खा कडा झाकून टाकलाय. इथं पायथ्याशी मात्र छान ऊन पडलंय. व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी इतकं नितळ, की तळातले गोटे मोजून घ्यावेत.

आता काठावरच्या या काळ्या दगडावर नजर ठेवा. आधी पाणी नुसतं गढुळतं. मग लाल होतं, जांभ्याच्या मातीचं लाल. पाठोपाठ काटक्या, पाचोळा, माडाची एक झावळ. आणि हा आवाज ऐका, वरच्या अंगाला दगड एकमेकांवर आपटताहेत. बघता बघता काळा दगड बुडाला.

इथं पावसाचा थेंब पडलेला नाही. तो पडलाय घाटमाथ्यावर. जुलैपर्यंत भिजून भिजून जमिनीचं पोट भरलेलं असतं, ती आणखी पाणी पीत नाही. कडा उभा, वाट उताराची. वरचं सगळं पाणी शेकडो ओहोळांतून एकाच व्हाळात येतं.

इथली जाणती माणसं रंग पालटताच पाय बाहेर घेतात. आपणही तेच करावं. चपला, डबा, कॅमेरा राहू दे तिथंच, आधी उंचावर चढा. पलीकडच्या काठाला अडकलात तर तिथंच थांबा आणि ११२ ला फोन करा. हे पाणी चढतं तसं उतरतंही. साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी जात असेल तर गाडी घालू नका. सहा इंच धावतं पाणी माणसाचे पाय उचलतं.

जुलै २०२४ मध्ये सत्तरीतल्याच पाली धबधब्यावर सुमारे ८० जण असे अडकले. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात २ ऑक्टोबर २००९ ला आलेल्या पुरात माणसं गेली, घरं गेली.

आता दुसरं दृश्य. हा काजूचा डोंगर, मे महिना. बोंडू वेचणाऱ्या बाया पाट्या उचलून खाली निघाल्यात, कारण लांबवर गडगडलंय. विजेचा जोर पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना, मे आणि ऑक्टोबरात, जास्त. गडगडाट कानी आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. झाडाखाली किंवा उघड्या खोपीत थांबू नका. पक्क्या घरात जा, नाहीतर काचा लावून गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पुन्हा व्हाळाकाठी. संध्याकाळ झाली. व्हाळ ओसरलाय. साकवाच्या कठड्यात ती झावळ अजून अडकून आहे. सकाळचा काळा दगड तिच्या पुरुषभर खाली दिसतोय.