कोऱ्या कागदावरचा अंगठा

(मिसिसागा इथल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रकावर विषय छापलाय, 'कॅनडाची नागरिकत्व परीक्षा : इतिहासाची तयारी कशी करावी'. मला ४५ मिनिटं दिली होती, त्यातली ८ माइकनं खाल्ली. सेक्रेटरी मागे घड्याळाखाली बसलेत. ते हात वर करतील तेव्हा पुढच्यांनी मला सांगा, मी काही त्यांच्याकडे बघणार नाहीये.

आधी एक विचारते. व्हॉट्सअॅपवर फिरणारं ते प्रश्नोत्तरांचं पीडीएफ कितीजणांकडे आहे? लाजू नका. बघा, निम्मा हॉल! आपण अपेक्षित प्रश्नसंचावर वाढलेली माणसं, आपल्याला पुस्तकाआधी उत्तरं लागतात. आमचे हेही तसेच. २०१२ साली आम्ही दोघं परीक्षेला बसलो, तेव्हा आमच्या फ्रिजवर दार दिसत नव्हतं इतक्या चिठ्ठ्या. १८६७, कॉन्फेडरेशन, म्हणजे प्रांतांचं संघराज्य. चार मूळ प्रांत : ऑन्टॅरिओ, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक. पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड. आणि दुधाच्या कप्प्याच्या बरोबर वर, मोठ्या अक्षरात, 'फ.इ.मे.' म्हणजे इथल्या मूळ लोकांचे तीन समूह : फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी. सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांना वाटलं ही कुठली तरी पतपेढी आहे.

दोघंही पास झालो. आठवडाभरानं मी यांना सहज विचारलं, "अहो, आपण राहतो ती जमीन या तिघांतल्या कुणाची होती?" हे म्हणाले, "आपण नवव्या मजल्यावर राहतो, आपल्याला कुठली आलीये जमीन!"

हसा. पण माझी तक्रार नेमकी इथेच आहे, आणि ती मी बारा-तेरा वर्षं घरात बोलत आलेय, आज तुम्ही सापडलात.

मी तेव्हा एका शाळेच्या कँटीनमध्ये कामाला होते. तिथे माझ्याबरोबर एक बाई होती, हेगर्सव्हिलजवळच्या रिझर्व्हवरची, म्हणजे मूळ लोकांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या वस्तीतली. जेवणाच्या सुट्टीत मी परीक्षेचं सरकारी पुस्तक उघडून बसायचे. एकदा मताधिकाराचं पान उघडं होतं. बायकांना मत : मॅनिटोबात १९१६, देशपातळीवर बहुतेकींना १९१८, क्वेबेकच्या प्रांतिक निवडणुकीत थेट १९४०. ती संत्रं सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "माझ्या आजीला १९६०." मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. ती म्हणाली, त्याआधीही देता आलं असतं, पण अट अशी की सरकारी यादीतलं 'इंडियन' म्हणून नाव काढून टाकायचं, त्याबरोबर त्यांच्या लोकांनी सरकारशी केलेल्या तहानं मिळालेले हक्कही गेले. आजी म्हणाली होती, नको तुमचं मत.

मी हिशोब केला. माझ्या आईनं पहिलं मत दिलं १९५७ साली, बारामतीकडे. चौथी शिकलेली बाई, नवी साडी नेसून, बैलगाडीतून गेली होती. मी तिला म्हटलं, बघ, तुझी आजी इंडियन, माझी आई इंडियन, आणि माझ्या आईनं आधी मत दिलं! ती म्हणाली, "खरी इंडियन कोण ते आधी ठरवू." तो वाद आम्ही डबा संपेपर्यंत घातला. घोळ सगळा युरोपातून निघालेल्या त्या खलाशांचा. निघाले आपल्याकडे, पोचले भलतीकडे, आणि नाव मात्र आपलं देऊन मोकळे. कॅनडा या नावाचंही तेच. इरोक्वाई भाषेत 'कनाटा' म्हणजे गाव. कुणीतरी आपल्या गावाची वाट दाखवत होतं, कार्टिए नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीनं ते अख्ख्या मुलुखाला चिकटवलं.

हां, तर जमीन. आपण ज्या शहरात बसलोय त्याचं नावच मुळी एका लोकांचं आहे. मिसिसागा हे अनिशिनाबे लोक, म्हणजे फर्स्ट नेशन्सपैकी. आत्ता कार्यक्रमाच्या सुरुवातीला सेक्रेटरींनी ती जमिनीची कृतज्ञता वाचली ना, ही जमीन मूळ कुणाची ते सांगणारी, त्यात ते नाव होतं. (सेक्रेटरी, राग मानू नका, पण तुम्ही 'अनिशा नाबर' म्हणालात. गिरगावात आमच्या ओळखीची एक आहे त्या नावाची.) गणपतीतही आपण ते आरतीआधी वाचतो आणि तेवढ्यात मागे मोदकांची ताटं लागतात.

कँटीनमधल्या त्या बाईनं मला सांगितलेली गोष्ट टोरांटोच्या खरेदीची. १७८७ साली ब्रिटिशांनी मिसिसागांकडून टोरांटोची जमीन घेतली म्हणतात. पुढे कागद काढून बघितला तर खरेदीखत कोरं! कुठली जमीन, कुठून कुठपर्यंत, काही लिहिलेलं नाही. आणि पुढाऱ्यांच्या कुळांच्या खुणा? त्या वेगळ्या कागदाच्या तुकड्यांवर काढून खतावर चिकटवलेल्या. मग १८०५ साली तोच व्यवहार पुन्हा पक्का करून घेतला. तोवर ज्यांच्या खुणा म्हणत होते ते पुढारी वारले होते. २,५०,८३० एकर, किंमत १० शिलिंग. या दाव्यात तडजोड होऊन मिसिसागांना भरपाई मिळाली २०१० साली, १४.५ कोटी डॉलर. म्हणजे आम्ही परीक्षेला बसलो त्याच्या दोनच वर्षं आधी, आणि आमच्या फ्रिजवर याची चिठ्ठी नव्हती.

हे ऐकताना तुम्हाला काही आठवलं का? कोरा कागद, त्यावर अंगठा, मजकूर नंतर. मला लगेच आठवलं, कारण माझं माहेर बारामतीकडच्या सुप्याजवळ. १२ मे १८७५, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. आणि जाळलं काय? कर्जरोखे, गहाणखतं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगायची, लोकांनी धान्याला नाही, कागदाला आग लावली. १८७९ सालच्या कायद्यात मग तरतूद आली की शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोरच व्हावेत. म्हणजे सरकारनंही मान्य केलं की अंगठा आणि मजकूर यांच्यामध्ये काहीतरी घडतं.

आता मला सांगा, ज्याला सुपं माहीत आहे त्याला तह वेगळा पाठ करावा लागेल का? मी त्या बाईला सुप्याची गोष्ट सांगितली. तिनं संत्र्याची अर्धी फोड तोंडाजवळ तशीच धरली आणि विचारलं, "मग जाळल्यावर जमीन परत मिळाली का?" मी म्हटलं, काहींची वाचली. बहुतेकांची... बरं, ते जाऊ दे.

माझं म्हणणं एवढंच की 'फ.इ.मे.' कळतं ते आपल्या सुप्यावरून, फ्रिजवरून नाही. मेटींचा पुढारी लुई रिएल घ्या. जमिनीची मोजणी करायला सरकारी माणसं आली तिथून त्याचा उठाव सुरू झाला. मोजणी म्हटल्यावर आपल्या पोटात काय होतं ते बांधावर भांडलेल्यांना विचारा. त्याला १८८५ साली रेजायनात फाशी दिली, आणि त्याच वर्षी...

काय? हात? किती? पाच मिनिटं! पाच कसली, आत्ताच तर विषयाला लागले. बरं, झुंबावाल्या दाराशी उभ्या आहेत, दिसतंय मला.

तर भराभर लिहून घ्या. २० प्रश्न, १५ बरोबर आले की पास. वय १८ ते ५४ असेल तरच परीक्षा. इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. सरकारी पुस्तक फुकट मिळतं, 'डिस्कव्हर कॅनडा', प्रश्न त्यातलेच, तेव्हा पैसे देऊन क्लास लावू नका. ऐकायची आवृत्तीही आहे, पोळ्या करताना लावा. सनावळ्या एका दोरीत ओवा : १७५९ क्वेबेकजवळ अब्राहमच्या मैदानावर फ्रेंच ब्रिटिशांकडून हरले, १७७४ च्या कायद्यानं त्यांचा धर्म आणि दिवाणी कायदा राखला, १८६७ संघराज्य, १८८५ देश जोडणाऱ्या रेल्वेचा शेवटचा खिळा, १९१७ पहिल्या महायुद्धातली विमीची लढाई, १९८२ हक्कांची सनद. अल्बर्टा आणि सस्कॅचवान जुळे, १९०५. प्रांतांत न्यूफाउंडलंड सर्वांत उशिरा आला, १९४९. नुनावुत हा प्रदेश १९९९. सरकार कसं चालतं ते प्रकरण सोडू नका, आपली माणसं तिथेच मार्क घालवतात. गव्हर्नर जनरल आणि पंतप्रधान यांच्यात गोंधळ होत असेल तर आपले राज्यपाल आणि मुख्यमंत्री आठवा. नाही, सध्याचे नको, पुस्तकातले.

मूळ लोकांच्या मुलांसाठी काढलेल्या निवासी शाळांवर पुस्तकात परिच्छेदभर आहे, तो दोनदा वाचा. मुलांना घरातून उचलून नेत, मातृभाषा बोललं की शिक्षा. सरकारनं माफी मागितली २००८ साली. २०१५ मध्ये या शाळांवरच्या सत्यशोधन आयोगानं ९४ शिफारशी केल्या, त्यातल्या शेवटच्या दोन थेट तुमच्याआमच्याशी संबंधित आहेत : नवागतांच्या पुस्तकात आणि परीक्षेत तह आणि या शाळा नीट याव्यात, आणि नागरिकत्वाच्या शपथेत तहांचा उल्लेख असावा. शपथ २०२१ साली बदलली. तेव्हा आता हात वर करून तुम्ही जे म्हणाल त्यात त्या १० शिलिंगांच्या कागदाचाही मान राखायचं कबूल करणार आहात. ती ओळ तरी अर्थ कळून म्हणा.

हो काकू, बोला. काय? तुम्ही ६८ च्या? नाही, मग तुम्हाला परीक्षाच नाही. शपथ आहे फक्त. अहो, मग कशाला आले काय विचारता, चहा आहे बाहेर. आणि जाताना ती खुर्ची भिंतीला लावा, नाहीतर झुंबावाल्या पुढच्या वेळी हॉल देणार नाहीत.