रात्री दोनचा थर्मामीटर

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाची केमो संपून वर्ष झालंय. रिपोर्ट चांगले आहेत, डोक्यावर केस आलेत, पोरगं शाळेत मारामाऱ्याही करायला लागलंय. आणि त्याची आई रात्री दोनला उठून अंधारातच त्याच्या कपाळाला हात लावते. कपाळ गार असतं. तरी ती थर्मामीटर काढतेच. घरचे म्हणतात, "अगं, आता झालं ना सगळं!"

तिचं कुठं झालंय? उपचार चालू असताना डॉक्टरांनीच बजावलं होतं, पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. तेवढी वर्षं जागं राहणं हीच तिची ड्यूटी होती. औषधं थांबली, पण ड्यूटी संपल्याचं तिच्या शरीराला कुणी कळवलंच नाही.

याला आघातोत्तर ताण म्हणतात, पीटीएसडी. अमेरिकेतल्या मनोविकारांच्या वर्गीकरणात हे निदान 1980 साली आलं, ते मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांमुळे. मुलाला जिवघेणा आजार झाल्याचं कळणं हाही आघात असू शकतो, हे 1994च्या आवृत्तीत मान्य झालं. 2013मध्ये व्याख्या पुन्हा आवळली गेली. तो वाद तज्ज्ञांवर सोडू.

अभ्यासांत मात्र एक गोष्ट दिसली आहे. बऱ्या झालेल्या मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांमध्ये ही लक्षणं जास्त आढळतात. मला त्यात नवल वाटत नाही. मुलाला सुई आठवते. निदान सांगतानाचा डॉक्टरांचा चेहरा आईवडिलांनी पाहिलेला असतो.

बापाचं जरा वेगळं. फॉलोअपच्या तारखेला त्याला नेमकं काम निघतं. स्पिरिटच्या वासानं तळहात घामेजतात, हे त्यानं बायकोलाही सांगितलेलं नाही. लोक म्हणतात, किती खंबीर! मला तर त्याचीच जास्त काळजी वाटते. आईचा थर्मामीटर निदान दिसतो तरी.

महिना उलटूनही झोप येत नसेल, तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, तर मदत घ्या. आघातावर बेतलेले समुपदेशनाचे उपचार आहेत, डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आघाताच्या आठवणींवर काम करणाऱ्या ईएमडीआरसारख्या पद्धती आहेत, त्यांचा उपयोग होतो. फॉलोअपला डॉक्टर शेवटी विचारतात, "आणखी काही?" आपण मुलाच्या भुकेबद्दल विचारतो आणि उठतो. पुढच्या वेळी तिथंच सांगा, "डॉक्टर, मला झोप लागत नाही."

आणि घरच्यांनो, "विसर आता" म्हणण्याऐवजी एक रात्र तो थर्मामीटर तुमच्या उशाशी घ्या.