साडेसातीतून निघालेलं अंतर

(ठाण्यात तलावपाळीजवळ झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी पहिल्या रांगेतल्या मुलीने आठही ग्रह न अडखळता म्हणून दाखवले. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. शाब्बास! मी तिला विचारलं, हाच क्रम कशावरून? ती म्हणाली, "पुस्तकात आहे." बाळा, पुस्तकात येण्याआधी त्यातला बराचसा क्रम तुझ्या आजीच्या बोलण्यात होता.

घरात कुणाला तरी साडेसाती लागल्याचं तुम्ही ऐकलं असेलच. शनी कुणाचं वाईट करत नाही, हे माझं ठाम मत आहे. पण साडेसातच वर्षं का? शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो आणि साडेसाती तीन राशींची. अडीच त्रिक साडेसात. मग बारा राशींना? तीस वर्षं. शनैश्चर म्हणजेच हळूहळू चालणारा. आता नाशिकचा सिंहस्थ घ्या. २००३ला झाला, मग २०१५ला. गुरू सिंह राशीत परत येतो तो बारा वर्षांनी.

जो जितका संथ तितका तो दूर, हे जुन्या ज्योतिषांनी ओळखलं होतं. नेमका किती दूर, त्याचा नियम केप्लरने १६१९मध्ये मांडला: ग्रहाच्या फेरीला लागणाऱ्या वर्षांचा वर्ग म्हणजे त्याच्या अंतराचा घन. अंतर मोजायचं ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत. करूनच बघू. गुरूचे बारा, त्याचा वर्ग १४४. पाचाचा घन १२५, म्हणजे उत्तर पाचाच्या जरा पुढे. गुरू खरोखर ५.२ पट दूर आहे. शनीचे तीस, वर्ग ९००. नवाचा घन ७२९, दहाचा हजार. उत्तर साडेनऊच्या आसपास, आणि शनी तिथेच आहे! दुर्बिणीला हातही न लावता, साडेसातीतून. इतकी वर्षं हे गणित शिकवतोय, तरी शेवटच्या ओळीला अजून अंगावर काटा येतो.

आता हे आकडे रुळांवर मांडू या, कारण पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ग्रह सारख्या अंतरावर काढलेले असतात आणि तिथेच मुलांची फसगत होते. ठाणे ते सीएसएमटी ३४ किलोमीटर. सूर्य ठाणे स्टेशनात ठेवा, नेपच्यून सीएसएमटीला. सूर्य होतो तीन मजली इमारतीएवढा. बुध साडेचारशे मीटरांवर, शुक्र आठशेवर, पृथ्वी अकराशेवर, मंगळ सतराशेवर. चौघेही मुलुंड यायच्या आत संपले! मुलुंड स्टेशन येतं लघुग्रहांच्या पट्ट्यात. गुरू भेटतो नाहूर सोडून भांडुपकडे जाताना, शनी विक्रोळीच्या आसपास. मग घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, सगळी स्टेशनं रिकामी. युरेनस शीव सुटल्यावर. पुन्हा माटुंगा, दादर, परळ, भायखळा, एकही ग्रह नाही.

येताना जांभळी नाक्यावरून ही फळं आणली. ही मोठी मोसंबी आपली पृथ्वी. हा आवळा चंद्र. किती लांब धरू? नाही, अजून मागे. अजून. हां, त्या खांबापाशी, जवळजवळ तीन मीटर. माणूस जाऊन आला ते एवढंच अंतर. आणि ही मोसंबी सूर्यापासून सव्वा किलोमीटरच्या आत आहे, तर नेपच्यून पार बोरीबंदरला, म्हणजे सीएसएमटीला. या मापात प्रकाश रमतगमत धावणाऱ्या माणसाच्या वेगाने जातो: ठाण्याहून निघाला की पृथ्वीपाशी सव्वाआठ मिनिटांत, सीएसएमटीला चार तासांनी.

युरेनस आणि नेपच्यून मात्र आजीच्या बोलण्यात नव्हते. युरेनस हर्शेलला १७८१मध्ये दुर्बिणीतून दिसला. तो गणिताप्रमाणे चालेना, म्हणून लव्हेरिएने पलीकडच्या ग्रहाची जागा कागदावर काढली आणि १८४६मध्ये बर्लिनहून गालेने तिथे पाहिलं, तर नेपच्यून होता. त्यानंतर सातच वर्षांनी बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली. तेव्हापासून या मार्गावर किती गाड्या आल्या-गेल्या, पण सापडल्यानंतरची नेपच्यूनची पहिली फेरी पूर्ण झाली ती २०११मध्ये.