झोप पण ट्रिपमध्येच धरा

नमस्कार मंडळी. समोर ड्रायव्हर लोक आहेत, मागं चार गाडीमालक पण बसलेत, बरं झालं, कारण माझं अर्धं बोलणं त्यांच्यासाठीच आहे. मी २२ वर्षं गाडी चालवली, जास्त करून पुणे-बेंगळुरू लाईन, आणि एकदा पहाटे साताऱ्याच्या अलीकडं मी डोळे उघडे ठेवून झोपलो होतो. टायर कडेच्या खडीवर गेला, त्या आवाजानं जागा झालो. शेजारी किन्नर (म्हणजे गाडीचा क्लीनर) पोरगं झोपलेलं, त्याला आजपर्यंत काही माहीत नाही.

हिशेब करा, ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांची डुलकी लागली तर भरलेली गाडी जवळपास ९० मीटर कुणी न चालवता गेली. पहाटे २ ते ५ शरीराला झोप हवीच असते, मग काच खाली करा, तंबाखू लावा, गाणी लावा, झोप जात नाही, फक्त थोडी पुढं ढकलली जाते. फारच झालं तर गाडी धाब्यावर घ्या (हायवेच्या कडेला अजिबात नाही, मागून येणाऱ्याला अंधारात ती दिसत नाही), चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. चहाचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर तोंड धुवा, जरा फिरा, मगच स्टेअरिंग धरा. पण एवढ्यानं रात्रीची झोप भरून निघत नाही हं.

आता उताराचं. कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत नुसता उतार, आणि तिथं डिझेल वाचवायला गिअर काढून न्यूट्रल मारणारे अजून आहेत. नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका अवजड गाडीनं कितीतरी गाड्या उडवल्या ते आठवत असेल. न्यूट्रलला इंजिन गाडी धरत नाही, सगळा लोड ब्रेकच्या लायनरवर येतो, लायनर तापला की पकडच सोडतो. त्यात कुणी इंजिन बंद केलं तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर पण बंद, मग प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय दाबला की हवा कमी कमी होत जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि मालक, डिझेल इतकं मोजून देऊ नका की त्याला उतारावर ते वाचवावं लागेल.

१९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यातच होतं, दिवसाला ८ तास, लांबच्या रूटला फार तर १०, आणि ५ तासांनंतर अर्धा तास आराम. २०२५ पासून नव्या ट्रकला केबिनमध्ये एसी आला, चांगलंच झालं, पण रस्त्यात संडास नाही म्हणून माणूस पाणीच पीत नाही, मग मुतखडा होतो, त्याला एसी काय करणार!

मला सगळ्यात जास्त राग येतो तो लोडिंगच्या लाईनीचा. ड्रायव्हर दिवसभर तिथं उभा असतो, तुम्ही मालक म्हणता आराम झाला. अहो, दर दहा मिनिटांनी गाडी पुढं सरकवायची असते, झोपणार कधी? रात्री माल भरला की सकाळी पोचव म्हणायचं. गाडी उशिरा भरली तर पोचायची वेळ पण पुढं ढकला, माल घेणाऱ्या पार्टीशी तसं आधीच बोलून ठेवा. आणि पहाटे तीनला 'कुठवर आला' म्हणून फोन करू नका, जीपीएस बघा, गाडी धाब्यावर उभी दिसली तर त्याला झोपू द्या.