चौतीस इंच

या बेस गिटारच्या डोक्याकडे नीट बघा. खुंट्या चार, पण तीन एका बाजूला आणि एक दुसऱ्या. हा 1976 सालचा स्टिंगरे. घडवणारे लिओ फेंडर. आणि ज्या बेसशी याची तुलना होणार होती, तोही त्यांचाच.

त्यासाठी 1951 मध्ये जाऊ, कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला. तोवर खालचे सूर माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या घराण्यातल्या डबल बेसमधून यायचे. तो गावोगाव वाहून नेणं जिकिरीचं, आणि ट्रम्पेट-ड्रम्सच्या गलक्यात त्याचा आवाज बुडून जायचा. भरीव लाकडाचा विजेवरचा बेस सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कनी 1930 च्या दशकातच केला होता, पण तो फारसा चालला नाही.

फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. आपल्या नव्या बेस गिटारमध्ये डबल बेसच्या तारांचे ई, ए, डी, जी हे सूर त्यांनी जसेच्या तसे ठेवले, म्हणजे वादकाला नवी बाराखडी शिकायला नको. दांडीवर मात्र फ्रेट बसवले, सतारीला पडदे असतात तसे. बोट फ्रेटच्या मागे दाबलं की सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. आणि घोडीपासून दांडीच्या टोकापर्यंत तारेची लांबी ठरली 34 इंच.

एक अंदाज चुकला. वादक अंगठ्यानं तारा छेडतील असं धरून तारांच्या खालच्या बाजूला बोटं टेकवायला लाकडी पट्टी दिली होती. पण बहुतेकांनी अंगठाच टेकवला आणि तारा दोन बोटांनी छेडल्या. मला ही पट्टी फार महत्त्वाची वाटते. वाद्य कसं धरायचं हे अखेर वाजवणारा हात ठरवतो.

1957 मध्ये पिकअपचे, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाचे, दोन तुकडे झाले, उलटसुलट गुंडाळलेले, त्यामुळे विजेची घरघर एकमेकांत विरून गेली. हाताला काहीच नवं शिकावं लागलं नाही. स्टिंगरेमध्येही तेच. डोकं आखूड झालं, आत पिकअपचा क्षीण संकेत वाढवणारा, बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प आला, खालचे आणि वरचे दोन्ही सूर वादकाला गिटारवरच वाढवता येऊ लागले. हाताखालची अंतरं मात्र ओळखीचीच.

1980 च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी डोकंच काढून टाकलं. लाकडाऐवजी कार्बन फायबर आणि इपॉक्सी. तारा लावायच्या त्या खालच्या टोकाला. अंग इतकं लहान की मांडीवर टेकवायला उघडझाप होणारा आधार द्यावा लागला. एवढी मोडतोड करणाऱ्या माणसाला तो आधार सुचला, याचं मला मनापासून कौतुक आहे. आणि तारेची लांबी त्यांनीही 34 इंचच ठेवली.

त्याच 1980 मध्ये, सत्तरीतल्या फेंडरनी जी अँड एल या नव्या कंपनीत एल-2000 काढला. दोन जाडजूड पिकअप, बॅटरी चालू-बंद करायचं बटण, पिकअपची जोडणी बदलायचं आणखी एक.

फूटपट्टी लावून बघा. 34 इंच.