पन्नाशीच्या अलीकडच्या गाड्या

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी गाडीवरचं कापड काढलं, तर वायपरखाली एक चिठ्ठी सापडली. "जुनी गाडी भंगारात द्यायची असल्यास फोन करा. रोख पैसे." खाली मोबाइल नंबर. गाडी माझ्या वडिलांची. १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. चिठ्ठी लावणाऱ्यावर राग नाही, तो त्याचा धंदा आहे. पण त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. त्या काळी मोटार म्हणजे आधी नाव नोंदवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. ही गाडी बनली इथून जवळच, कुर्ल्याला. वालचंद हिराचंदांनी सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, आणि पुढच्या खिडकीला ती छोटी त्रिकोणी काच. उन्हाळ्यात ती काच तिरकी केली की वारा थेट तोंडावर यायचा. मी गाडी शिकलो ती येऊरच्या पायथ्याशी, वडील शेजारी बसलेले. चढावर गाडी थांबवून हँडब्रेकवर परत उचलायला त्यांनी माझ्याकडून एका संध्याकाळी वीसेक वेळा करून घेतलं होतं.

आता मुद्द्याकडे येतो. जुन्या वाहनांचं धोरण पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं. खासगी गाडीला वीस वर्षांनंतर आणि व्यावसायिक गाडीला पंधरा वर्षांनंतर तंदुरुस्तीची चाचणी, आणि नापास झाली तर तिचं आयुष्य संपलं, असा त्याचा गाभा. गाडी स्वतःहून मोडीत दिली तर नव्या गाडीच्या रस्ते करात सवलत. त्याच वर्षी जुलैत केंद्रानं दुसरी एक अधिसूचना काढली होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकीला 'व्हिंटेज' असा वेगळा दर्जा मिळाला. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं. नवीन नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्याकडे डुक्कर फियाट आहे. नव्या पिढीला सांगायला हवं, फियाट ११०० चं ते पन्नासच्या दशकातलं मॉडेल. समोरून तोंड तसं दिसतं म्हणून आपल्याच लोकांनी प्रेमानं ठेवलेलं नाव. तिची पुढची दारं उलटी उघडतात. ते काका आता निर्धास्त आहेत. कायद्यानं त्यांची गाडी वारसा ठरते.

आणि माझी? माझी पन्नाशीच्या अलीकडची. वीस ते पन्नास या तीस वर्षांत असलेल्या गाडीला कायद्यात स्वतंत्र ओळख नाही. ती नुसती 'जुनी' असते. वाशीच्या एक बाई आहेत, यजमान गेल्यावर त्यांनी त्यांची १९८६ सालची मारुती ८०० जपली आहे. डोंबिवलीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे बजाज चेतक आहे, आजही दुसऱ्या किकला सुरू होते. कळव्याच्या एकानं मात्र गेल्या दिवाळीआधी काँटेसा देऊन टाकली. म्हणाला, "दर पाच वर्षांनी पासिंगच्या धाकात कोण राहील?" त्याच्या आवाजातला थकवा मी विसरलेलो नाही. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण, म्हणजेच हे पासिंग, पूर्वी सहाशे रुपयांत व्हायचं. एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी दहा हजार. पैशांचं एक वेळ बघता येतं. पण पन्नाशी गाठायची तर आधी चाळिशी पार करावी लागते ना! मधल्या तीस वर्षांत या गाड्या मोडीत गेल्या, तर पुढे वारसा म्हणून दाखवायला उरणार काय?

ठाणेकर म्हणून मला हे जास्त जाणवतं. १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिच्या इंजिनांची नावं आपल्याला पाठ आहेत. त्यांपैकी एकही इंजिन आज नातवाचं बोट धरून त्याला दाखवता येत नाही.

दुसरी बाजू मी टाळणार नाही. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सहाला जो उभा राहतो त्याला हवेबद्दल वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्यानं बंद करता येतील का, हे तपासायला समिती नेमायला सांगितलं. राज्य सरकारनं ती नेमली, आणि मुंबई महानगर प्रदेश म्हटलं की ठाणे, नवी मुंबई आलंच. पीयूसीच्या यंत्रावर माझ्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, बीएस-४ या अलीकडच्या प्रदूषण निकषाच्या गाडीला ०.३ टक्के. म्हणजे दहापट सूट. माझी गाडी स्वच्छ आहे असं मी म्हणू शकत नाही, आणि जो मालक तसं म्हणतो त्याचं मला पटत नाही. आमच्यातले काही जण कुठलंही बंधन नको म्हणतात. मला ते चूक वाटतं. रोज जुनी गाडी घेऊन ऑफिसला जाणं आणि जुनी गाडी जपणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझी पद्मिनी वर्षाला जेमतेम सहाशे किलोमीटर चालते. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, दोन-चार रविवारी सकाळची उपवनची फेरी आणि मेस्त्रींकडची खेप. तेव्हा माझं मागणं एवढंच आहे, की तीस वर्षांपुढच्या जपलेल्या गाड्यांना एक मधला दर्जा द्या. जुन्या वाहनांची जागतिक संघटना, फिवा, हिच्या व्याख्येतही तीस वर्षांचाच आकडा आहे, आणि गाडी रोजच्या दळणवळणाची नसावी ही अटही आहे. किलोमीटरवर मर्यादा घाला. वर्दळीच्या वेळी बंदी घाला. ब्रेक नीट तपासा, माझ्यासमोर तपासा. ज्याची गाडी नुसती धूर ओकत दारात सडतेय, त्याची खुशाल मोडीत काढा.

आणखी एक गोष्ट, कारण ती रोजची आहे. आमचे मेस्त्री सत्तरीचे आहेत. कार्ब्युरेटर खोलून, जेट फुंकून, फक्त आवाजावरून इंजिन जुळवणारा हात आता गॅरेजांत सापडत नाही. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप लवकर खराब होतात, ते त्यांनी दोनदा बदलले. मागच्या महिन्यात डाव्या दाराचं हँडल तुटलं, तेव्हा आम्ही दोघं कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीन तास फिरलो. शेवटी एका दुकानाच्या माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेलं एक मिळालं. त्या पोत्यात आणखी चार होती, तीही घेतली. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर असं काही पडून असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या जुन्या गॅरेजवाल्याला एकदा विचारा.

माझ्या गाडीचं पुढचं पासिंग २०२९ च्या मार्चमध्ये आहे. पन्नास वर्षं पूर्ण होतील २०३४ मध्ये. मधे एकच पासिंग आहे. मेस्त्री म्हणतात, इंजिन तोवर काढेल, पत्र्याचं मात्र या दिवाळीआधी बघायला हवं, डाव्या उंबऱ्याला गंज धरलाय.

नमस्कार.