बँकेचा शेअर घेताना नफा सगळ्यात शेवटी बघा

तर मंडळी, आज बोलायचंय बँका आणि एनबीएफसीच्या (म्हणजे कर्ज देणाऱ्या पण बँक नसलेल्या कंपन्यांच्या) शेअरबद्दल, आणि मी पीई रेशोपासून (शेअरची किंमत नफ्याच्या किती पट आहे त्या आकड्यापासून) सुरुवात करणार नाहीये, कारण अशा कंपनीत नफ्याचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असं माझं स्पष्ट मत आहे. साबणाची कंपनी साबण विकते, पैसे आले की विषय संपला. बँक आज कर्ज देते, फी लगेच घेते, व्याज नफ्यात धरत जाते, आणि ते कर्ज बुडणार की नाही हे कळायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणजे धडाधड कर्ज वाटणारी बँक सुरुवातीला झकासच दिसणार ना!

आणि पैसा कुणाचा असतो? समजा 100 रुपये कर्ज वाटलंय, त्यात शेअरहोल्डरांचे 10 आणि बाकीचे 90 ठेवीदारांचे किंवा उधार आणलेले. यातले फक्त 5 बुडाले तरी आपले निम्मे गेले, कारण तोटा आधी आपल्याच खिशातून जातो.

येस बँक घ्या. 2015-16 साठी बँकेने ग्रॉस एनपीए, म्हणजे हप्ते थकलेली एकूण कर्जं, दाखवला 749 कोटी, रिझर्व्ह बँकेने तपासला तर निघाला 4,926 कोटी, साडेसहा पट! आणि हे गुपित नव्हतं हो. असा फरक जाहीर करायची सक्ती रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये केली आणि तो बँकेच्या स्वतःच्या वार्षिक अहवालात, नोट्समध्ये, ‘डायव्हर्जन्स’ म्हणून छापून आला. त्याच्या पुढच्या वर्षाचंही तेच, दाखवले 2,018 आणि निघाले 8,373 कोटी. तरी ऑगस्ट 2018 मध्ये शेअर 400 च्या आसपास होता, लोक घेतच होते, कारण नफा वाढताना दिसत होता. मग 5 मार्च 2020 ला निर्बंध आले, खात्यातून 50,000 च्या वर काढता येईना, दुसऱ्या दिवशी शेअर काही वेळ 6 रुपयांच्याही खाली. मग स्टेट बँक वगैरेंनी भांडवल घातलं आणि ठेवीदार वाचले, पण 8,415 कोटींचे एटी-1 बाँड (बँक अडचणीत आली तर बुडू शकतात असे रोखे) शून्य झाले. जास्त व्याज मिळतं म्हणून त्यात रिटायरमेंटचा पैसा घातलेली साधी माणसंही होती, याचा मला आजही राग येतो.

म्हणून नुसता ग्रॉस एनपीएचा टक्का बघून खुश होऊ नका, कर्ज राइट-ऑफ केलं (बुडीत धरून हिशोबातून काढलं) तरी तो कमी होतो आणि नवीन कर्ज वाटलं तरी कमी होतो. स्लिपेज बघा, म्हणजे या तिमाहीत नव्याने किती कर्ज एनपीए झालं ते. आणि त्यासाठी तरतूद किती केलीय, म्हणजे तोटा भरायला किती रक्कम बाजूला काढलीय ते.

एनबीएफसीत अजून एक भानगड, पैसा येतो कुठून? थोड्या मुदतीचं उधार घेऊन वीस वर्षांचं गृहकर्ज द्यायचं, हे उधार मिळतंय तोवर चालतं. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली, बाजार घाबरला, आणि आपल्या मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीला पैसा मिळणं अवघड झालं. नंतर तिथली हेराफेरीही बाहेर आली, आणि 2021 मध्ये पिरामल समूहाने ती घेतली तेव्हा शेअरहोल्डरांच्या हाती शून्य.

मग बुक व्हॅल्यूच्या (देणी वजा करून हिशोबात एका शेअरमागे उरणाऱ्या रकमेच्या) खाली मिळणारा शेअर स्वस्त का? बुक खरं असेल तरच! बँक ऑफ महाराष्ट्रचा ग्रॉस एनपीए मार्च 2018 ला 19 टक्क्यांच्या वर होता, आता 2 च्या खाली आलाय, बँक उत्तम सावरली. पण मधे सरकारने भांडवल घातलं, नवे शेअर निघाले, जुन्या लोकांचा वाटा पातळ झाला, हेही हिशोबात धरा.

पुढचा निकाल आला की बीएसईच्या साइटवर जाऊन कॉनकॉलची (निकालानंतर मॅनेजमेंट आणि अ‍ॅनालिस्ट फोनवर बोलतात त्याची) ट्रान्स्क्रिप्ट उघडा, फुकट असते, आणि त्यात ‘स्लिपेज’ शोधा, अ‍ॅनालिस्ट तिथे काय विचारतायत आणि मॅनेजमेंट सरळ उत्तर देतंय की फिरवतंय ते वाचा.